मालनवहिनींच्या फोनवरचा ओटीपी

मला लिहायची सवय नाही, जमेल असंही वाटत नाही. पण दौलतला ओळखणारे आता फारसे उरले नाहीत, म्हणून लिहितो.

आम्ही कापड गिरणीत शेजारशेजारी साचे, म्हणजे माग, चालवले. संपात गिरणी गेली. पुढे वीस वर्षं त्याने घोडपदेवला इस्त्री केली. कान साच्यांच्या खडखडाटात आधीच गेले होते, त्यामुळे फोन त्याने कधी घेतलाच नाही. पूर्वी चाळीत एकच फोन होता. सगळे तोच नंबर द्यायचे आणि पुढे पी.पी. लिहायचे, म्हणजे शेजाऱ्याकडे निरोप ठेवा. त्याच सवयीने गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जावर त्याने शेजारच्या मालनवहिनींचा मोबाइल नंबर लिहिला.

गेल्या महिन्यात ऑनलाइन पडताळणी निघाली. केली नाही तर अर्ज बाद. शेवटच्या दिवशी त्याला घेऊन नाक्यावरच्या दुकानात गेलो. पासवर्ड कागदावर होता, तो लागला.

"आता मोबाइलवरचा ओटीपी सांगा," दुकानातली मुलगी म्हणाली.

वहिनी तर देवगडला, गावी.

"पासवर्ड बरोबर आहे ना, मग?" मी विचारलं.

"तो कुणीही चोरेल, आजोबा. म्हणून ओटीपी, आणि वर चेहरासुद्धा."

वहिनींना फोन लावला.

"थांबा हां भावजी, चष्मो खंय ठेवलंय तो बघतंय."

चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्या वेळी रेंज गेली. दौलत बाकावर बसून आमच्या ओठांकडे बघत होता. तिसऱ्यांदा आकडे जुळले.

मग चेहरा. मुलगी मोबाइल धरून ओरडत होती, "डोळे मिटा, उघडा!" हा टक लावून बसलेला. मी मोबाइलमागे उभा राहिलो. गिरणीत साच्यांच्या खात्यात आवाजामुळे आम्ही खुणांनीच बोलायचो. डोळ्यांकडे बोट नेलं, मूठ मिटली, उघडली. तो हसला. डोळे मिटले, उघडले. स्क्रीनवर हिरवी खूण आली.

"सोडतीत घर लागलं तर मेसेज येईल. आता नंबर बदला, तुमचा स्वतःचा हवा," मुलीने कागदावर लिहून दाखवलं.

दौलतने माझ्याकडे बोट केलं. "ह्याचा टाक. ह्याला ऐकू येतं."

माझाही डावा कान गेलाय, पण मी नंबर सांगितला. मुलीने सुस्कारा सोडून माझा नंबर टाकला. पुढे पी.पी. लिहायला जागा नव्हती.

हल्ली जेवतानाही फोन ताटाच्या उजव्या बाजूला ठेवतो.