भाच्याचा कॉम्प्युटर

हेडाऊभाऊ कॉम्प्युटरची पेटी उघडली की आधी खिशातून सुताचा तुकडा काढत. त्यावर बोटाबोटाच्या अंतराने गाठी होत्या. पेटीच्या मागच्या भिंतीपासून पुढच्या पंख्यापर्यंत ते सूत ताणून धरत, गाठी मोजत आणि मगच कुठले ग्राफिक्स कार्ड मावेल ते सांगत. त्यांचे वडील उमरेडला हातमागावर विणत. हेडाऊभाऊ स्वतः प्रतापनगरात दुकान काढून कॉम्प्युटर जुळवू लागले, तरी मापाची सवय मागाचीच राहिली. "फणीत न मावनारं सूत कितीबी भारी असो, बाई, मागावर चढत नाही," असे ते म्हणत.

मी निवृत्त संस्कृत शिक्षिका. एकोणसाठाव्या वर्षी मला कॉम्प्युटरवरच्या मोटारशर्यतींचा नाद लागला, आणि तो कोणापुढे कबूल करण्याचा धीर मला झाला नाही. त्यामुळे पेटी घेऊन त्यांच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा "भाच्यासाठी हवे आहे," असे सांगून मोकळी झाले. मला भाचा नाही.

"काय खेळते भाचा?"

"गाड्यांच्या शर्यती. पावसातल्या फेरीत चौथ्या वळणावर चित्र अडखळते," मी म्हणाले आणि घाईने जोडले, "असे तो म्हणतो."

हेडाऊभाऊंनी चष्म्यावरून पाहिले. "त्याले सांगा, नुसतं मोठं कार्ड घेऊन भागत नाही. प्रोसेसर जुना आहे तुमचा. एक बैल म्हातारा, एक जवान. बंडी कशी चालन?" मग माझ्या बेताच्या खर्चात बसेल आणि आहे त्याच मदरबोर्डावर चालेल असा वापरलेला प्रोसेसर त्यांनी शोधून बसवला. नवा पॉवर सप्लाय मात्र डब्यासकट हातात दिला. "कार्ड मागवतो. रविवारी घेऊन येतो, तवा हा बसवू. तोवर भाच्याले हात लावू देऊ नका."

भाच्याने हात लावला नाही, मी लावला. शनिवारी दुपारी, पुस्तिका वाचून. जुन्या पॉवर सप्लायची, कार्डाकडे वीज नेणारी वायर पेटीत सुबक बांधलेली होती आणि तिचे टोक नव्या पॉवर सप्लायमध्येही चपखल बसले. म्हणून ती तशीच ठेवली.

रविवारी ते आले. माझे कार्ड अजून आले नव्हते, म्हणून तपासण्यापुरते त्यांनी स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरमधले काढून आणले होते. "जपून बरं. माह्या पोरीचं डिझाइनचं सारं काम याच्यावरच चालते." कार्ड बसवताना ते थबकले. "पॉवर सप्लाय कोनं लावला?"

"भाच्याने."

"वायरी नव्या डब्यातल्याच न?"

"हो," मी म्हणाले. नाही म्हटले तर पुढचा प्रश्न आला असता.

"मंग ठीक. टोकं सारखी दिसते, पन आतला जोड हरेक कंपनीचा निराळा. दुसऱ्याची वायर लागली तर कार्ड जागीच जळते." बोलता बोलता त्यांचे बोट बटणाकडे निघाले.

सारे आयुष्य मी अशा वेळी गप्प राहून काढले होते.

"थांबा!" इतक्या मोठ्याने मी वर्गातही कधी ओरडले नव्हते. "वायर जुनी आहे. मीच लावली. भाचा नाहीच. मीच खेळते."

त्यांनी आधी भिंतीतला प्लग उपसला. मग ती वायर काढली, डब्यातली लावली, दोन्ही टोके पुन्हा पाहिली. कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "एवढं बोलाले इतके दिवस काहून लावले, बाई? भाच्याले मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. कोन्या मावशीले चौथं वळन माहीत राहते?"

"मग विचारले का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही दुसऱ्यांदा आल्या नसत्या."

गेल्या वर्षी धंतोलीच्या एका रुग्णालयात त्यांना भेटायला गेले. दोनच दिवसांनी ते गेले. पण त्या दुपारी शुद्धीवर होते. लेक उशाशी होती, शेजारच्या खाटांभोवती अनोळखी माणसे होती. त्यांनी डोळे किलकिले करून विचारले, "भाचा कसा आहे?"

"पावसातली फेरी जिंकले मी," मी म्हणाले. परिचारिका वळून पाहू लागली. त्यांना ऐकू गेले नसावे असे वाटले, म्हणून मी तेच पुन्हा म्हणाले, आणखी मोठ्याने.