सातवा फरक

एक पेन्सिल कानामागे, दुसरी अंबाड्यात, आणि तिसरी शोधत घरभर हिंडणं.
चहाच्या कपात ब्रश बुडवणं. मग ब्रशच्या पाण्याचा घोट घेऊन "साखर कमी पडली" म्हणणं.
कुणाकडेही गेलं की भिंतीवरची तसबीर सरळ करणं. आधीच सरळ असली तरी.
फोनवर बोलता बोलता कागदावर समोरच्याच्या मिशा काढणं. समोर बाई असली तरी.

या सगळ्या सवयी मावशीच्या. एका साप्ताहिकाच्या मुलांच्या पानासाठी ती 'सहा फरक ओळखा'ची चित्रं काढायची. तीस वर्षं. शेजारीपाजारी तिला फरकमावशीच म्हणत.

तिची एक खोड ठरलेली. सगळे फरक माणसांच्या तोंडावर. एका चित्रात भुवई वर, दुसऱ्यात खाली. "माणूस आधी तोंडच बघतो," ती म्हणायची, "म्हणून तिथेच लपवायचं."

वरच्या मजल्यावर तिची भाची राहायची, पाच वर्षांच्या मुलीला घेऊन. मुलगी बोलायची कमी, जमिनीकडे बघायची जास्त. मावशीने तिचं नाव ठेवलं मुंगी. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं होतं. शाळेच्या बाईंनी एवढंच म्हटलं, "लक्ष नाही." शनिवारी पुन्हा बोलावलं होतं. तक्त्यावरच्या चित्राकडे लक्ष दिलं तर प्रवेश, नाहीतर दुसरी शाळा. ती शाळा इतकी लांब, की ने-आण करायला भाचीला नोकरी सोडावी लागली असती.

भाचीने शिकवणी सुरू केली. "माझ्याकडे बघ. मुंगे, इकडे. इकडे गं!"

मुंगी पंख्याकडे बघत होती.

"मावशी, सांग ना हिला. माझा जीव टांगणीला लागलाय."

"म्हणूनच वर बघतेय ती," मावशी म्हणाली.

"तुला चेष्टा सुचतेय!"

गुरुवारी मावशीची जोडचित्रं टेबलावर वाळत होती. न्हाव्याचं दुकान, खुर्चीत गिऱ्हाईक. मुंगी आली. मान तिरपी केली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. मग एका चित्रातल्या खुर्चीच्या पायावर बोट ठेवलं. लगेच दुसऱ्यातल्या.

मावशीने चष्मा चढवला. इकडे तीन स्क्रू, तिकडे दोन.

"अगं बाई! हा तर मी केलाच नाही!"

मिशा, हसू, भुवया अशा ठरवून केलेल्या सहांकडे मुंगी फिरकलीच नव्हती. तिला सातवा दिसला होता. मावशीने जुन्या अंकांचा गठ्ठा काढला. संध्याकाळपर्यंत मुंगीने अकरा चुका शोधल्या. कुठे काज राहून गेलेलं, कुठे माशाचा पर. मावशीचा चेहरा आधी पडला, मग खुलला.

"तीस वर्षं सहा सांगून सात दिले," ती भाचीला म्हणाली, "आणि एकाही शहाण्याचं पत्र आलं नाही."

"शनिवारी असलं काही विचारणार नाहीत, मावशी."

"मग आपण विचारू."

शनिवारी बाईंनी बाजाराचा तक्ता समोर धरला. "सांग बरं, यात कोण काय करतंय?"

मुंगी खालच्या कोपऱ्यात बघत राहिली. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "लक्ष..."

"आहे की," मावशी म्हणाली. "आपल्याकडे नाही, एवढंच. बाई, काय चुकलंय ते विचारा तिला."

"चुकलंय? अहो, छापील तक्ता आहे हा."

"छापील म्हणजे माझ्यासारखीनेच कुणीतरी काढलेला."

तेवढ्यात मुंगी उठली. कोपऱ्यातल्या सायकलवर तिने बोट टेकवलं. "साखळी," ती म्हणाली.

बाई वाकल्या. घंटी होती, कॅरिअर होतं, साखळी नव्हती. सायकलवाला मजेत पायडल मारत होता.

"नऊ वर्षं ही सायकल माझ्या वर्गात चालतेय," बाई म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

"घेते हिला," बाई म्हणाल्या. "पण मावशी, आता तक्ता तुम्हीच काढून द्या. मला माणसांबद्दल बोलायचंय, हिला सायकलीबद्दल. दोघींचं जमेल असा."

तक्ता परवाच्या नाही, त्यापुढच्या सोमवारी वर्गात लागायचा होता. मावशी लगेच बसली. तिने सुरुवात कोपऱ्यातून केली. खाली पडलेलं दोऱ्याचं रीळ. तिथून दोरा सुईत, सुई बोटांत, बोटांपुढे शिंप्याची बाही, बाहीवर तऱ्हेतऱ्हेची बटणं. एकेक पायरी वर.

"मुंगी चेहऱ्यापर्यंत पोचलीच पाहिजे असं नाही," ती भाचीला म्हणाली. "पण वाट असू दे."

रोज संध्याकाळी मुंगी तपासायला यायची. एका बटणाला पाच भोकं निघाली. मावशीने निमूटपणे एक खोडलं.

मंगळवारी जेवून ती जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. भाचीने तीनदा हलवलं. "मावशी, पुरे आता चेष्टा."

तक्ता अजून टेबलावरच आहे. कॉलर पुरी झालीय. वर मान आहे, हनुवटीची एक रेघ आहे. पुढचं काढायचं राहिलंय.