शालनच्या चाकाखालचं लिंबू

रंगभूमी सोडून मला जमाना झाला, पण तिसरी घंटा झाल्याशिवाय माझा दिवस उघडत नसे. बनशंकरीतल्या आमच्या गल्लीत ती घंटा पहाटे शालन द्यायची. फाटकातून सायकल बाहेर काढताना ती ट्रिंग ट्रिंग करी आणि मी अंथरुणातूनच म्हणे, 'चला, पडदा वर!'

शालन अथणीकडची. कोरमंगलातल्या एका खानावळीत ती सकाळच्या ज्वारीच्या भाकऱ्या थापते. नवरा गेल्यावर मुलाला, अभिजीतला, तिनं याच सायकलीच्या जोरावर वाढवलं. मागच्या कॅरिअरवर तो, पुढच्या टोपलीत डबा, पदर कमरेला खोचलेला. अशी एंट्री मी उभ्या आयुष्यात कुठल्या नायिकेची पाहिली नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या पहाटे ही घंटा बंद पडली. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरोघरी गाड्यांची पूजा झाली होती आणि दृष्ट काढून कोहळे भर रस्त्यात फोडले होते. फाटकासमोरच्याच कोहळ्याच्या गरावरून शालनचं चाक घसरलं. मनगट मोडलं. अभिजीतनं सायकल जिन्याखालच्या खांबाला साखळीनं बांधली आणि किल्ली खिशात घातली.

प्लास्टर निघालं, किल्ली काही निघाली नाही. शालन दोन बस बदलून जाऊ लागली, नाहीतर लेकाच्या स्कूटरवर मागे बसून. त्याची शिफ्ट बदलली की हिची वेळ चुके. शेवटी खानावळीच्या मालकानं बजावलं, असाच उशीर होणार असेल तर सकाळच्या भाकऱ्यांना दुसरी बाई बघतो.

"अण्णा, हात बरा झालाय बघा," ती मला म्हणाली. "पण पाय बांधून ठेवलेत माझे."

"मी बोलू का अभिजीतशी?"

"नको. तुम्ही बोललात की त्याचं नाटक होतंय. मीच बघते की."

यंदाची खंडेनवमी आली. अभिजीतनं साखळी काढली, सायकल धुतली आणि स्कूटरशेजारी उभी केली. "एवढी वर्षं राबली, तिचा मान आहे," तो म्हणाला. तो सूर मी ओळखला. सत्काराचा सूर! शाल घ्या, नारळ घ्या आणि आता घरी बसा. मलाही एकदा तशी शाल मिळाली आहे.

हार झाले, हळदकुंकू झालं, आरती झाली. हाताच्या सवयीनं त्यानं दोन्ही गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवली. स्कूटर पुढे घेऊन तिची लिंबं चिरडली आणि मग साखळी उचलून तो सायकलीपाशी वाकला.

"थांब," शालन म्हणाली. "हिची लिंबं कोण चिरडणार?"

"ढकलतो की स्वल्प पुढं."

"पूजेची गाडी ढकलतोस? तुझी स्कूटर ढकललीस काय?"

अभिजीतनं टायर दाबून पाहिला. टणक होता.

"आई, हवा कुणी भरली?"

"मी. काल. लिंबू फुटाय नको?"

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"मला सायकलीनं पाडलं नव्हतं रे. कोहळा तू फोडलास, आणि कुलूप सायकलीला?"

काय तो पॉज! असा पॉज मिळवायला आमच्या कंपनीत तालीममास्तर महिनाभर घसा फोडायचे. अभिजीतची मान खाली गेली. वर्षभर हेच वाक्य त्याच्याही मनात ठुसठुसत असणार. म्हणून तर ती साखळी इतकी घट्ट होती.

शालननं पदर खोचला आणि ती सीटवर बसली. हँडल थरथरलं. अभिजीतचे हात आपोआप पुढे झाले.

"हात लावू नको!"

पुढचं लिंबू फुटलं, मग मागचं. ती फाटकाबाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथून परत न वळता अख्ख्या गल्लीला वळसा घालायला निघून गेली. मी न राहवून टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर घेतल्या, कधीतरी द्यायला नकोत?

ती धापा टाकत परतली तेव्हा स्कूटरचा कोहळा अजून अभिजीतच्या हातातच होता. त्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग झाडाखाली गोणपाट पसरून त्यावर कोहळा फोडला आणि फोडी स्वतः गोळा केल्या.

"सरी, ठीक आहे," साखळीची किल्ली तिच्या हातावर ठेवत तो म्हणाला, "पण हेल्मेट घालायचं."

"घालते. पांढरं तेवढं आणू नको, कोहळ्यागत दिसंल."

दसऱ्याच्या पहाटे घंटा झाली. मी खिडकीशी गेलो. शालनच्या कॅरिअरला खराटा बांधलेला होता. कोपऱ्यावर कुणीतरी फोडलेला कोहळा तसाच पडला होता. ती उतरली, गर खराट्यानं कडेला लोटला आणि कोरमंगलाच्या दिशेनं निघाली.