नर्सबाईंचा एक दिवस

वर्षातून एक दिवस नर्सबाई कोणालाही नमस्कार करीत नसत. तो दिवस एक एप्रिल. एरवी दवाखान्याच्या डॉक्टरांपासून तहसीलीच्या कारकुनापर्यंत सगळ्यांना वाकून रामराम घालणाऱ्या बाई त्या दिवशी ओट्यावर पाय पसरून बसत आणि कांदा-भाकर खात येणाऱ्या-जाणाऱ्या अंमलदारांकडे खुशाल पाहत राहत. डॉक्टर एकदा थबकून म्हणाले, "काय बाई, ओळख विसरलात?" बाई घास गिळून म्हणाल्या, "आज मी सरकारची कोनी नाही, डाक्टरसाहेब. उद्या दोनदा करीन."

हे अक्षरशः खरे होते. आमच्या तालुक्याच्या गावी दाईची जागा 'तात्पुरती' होती. वऱ्हाड नावापुरते निजामाचे, अंमल इंग्रजांचा आणि तिजोरी नागपूरची. इतक्या मालकांत एका दाईला कायम करायला कोणालाच सवड नव्हती. एकतीस मार्चला संध्याकाळी बाईंना नोकरीतून कमी करीत आणि दोन एप्रिलला सकाळी त्याच बाईंना त्याच जागेवर नव्याने नेमीत. मधला दिवस मुद्दाम मोकळा ठेवलेला. नोकरी सलग झाली तर दरसालची पगारवाढ द्यावी लागते, पुढेमागे पेन्शनही. नोकरी दरवर्षी नवी, म्हणून पगार दरवर्षी पहिलाच. "पुरान्या सुनेले चाव्या भेटतात, मास्तर," बाई म्हणत. "मी दरसालची नवी सून. मले चूलच."

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो आणि सरकारी शाळेत शिकवत होतो. माझी श्रेणी तीस ते पन्नासची, दरसाल दोन रुपये वाढ. ती मिळवण्यासाठी मी वर्षभर म्हातारा होण्याखेरीज काही केल्याचे आठवत नाही. दवाखान्याचा चपराशी दुपारभर औषधांच्या खोलीत घोरत असे; त्याचीही आठ आण्यांची वाढ कधी चुकली नाही. वाढ झाली की तो बत्तासे वाटायचा. बाई बत्तासा तोंडात टाकीत आणि म्हणत, "चांगला झोपत जाय बे. पुढच्या सालीही भेटला पाहिजे."

बाई बीबी गावच्या, माळ्याच्या घरच्या. नवरा गेल्यावर भाजीची टोपली डोक्यावर घेण्याऐवजी त्या अमरावतीला जाऊन दाईचे काम शिकून आल्या. बाळंतिणीच्या घरी पोचल्या की प्रथम सासवा, जावा, शेजारणी यांच्या गर्दीपुढे उभ्या राहून एकच हुकूम देत, "ज्याचं पोट दुखत नसन त्यानं बाहीर व्हावं." या एका वाक्याने तालुक्यात किती जीव वाचले असतील, याची नोंद कोणत्याही कचेरीत नाही.

एकदा दवाखाना पाहायला मोठे साहेब आले. भिंतींना चुना लागला, दारात आंब्याच्या पानांची कमान उभी राहिली, रोग्यांना मागच्या बाजूला बसवण्यात आले. साहेबांनी इंग्रजीत बाईंच्या सेवेचा गौरव केला आणि सोनेरी चौकटीतली सनद हातात दिली. टाळ्या संपल्यावर बाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि मला विचारले, "यानं पीठ येते काय, मास्तर?"

मग तो एक एप्रिल आला. तहसीलदारांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दुपारी ती अडली. चपराशी धावत आला. "बाई, चला लवकर, साहेबाची पोरगी अडली!"

"आज कोन बाई?" बाई म्हणाल्या. "उद्या ये." पण हे म्हणताना त्या चपला शोधत होत्या.

अडचण निराळीच होती. नोकरी संपताना बाईंची कात्री-दोऱ्याची पिशवी डॉक्टर मोजून कपाटात ठेवीत. नोकर नसलेल्या बाईजवळ सरकारी कात्री कशी राहू द्यायची? डॉक्टर किल्लीसह बुलढाण्याला गेलेले. बाईंनी माझा दाढीचा वस्तरा आणि गोधडीचा दोरा मागून घेतला, तहसीलदारांच्या घरी पोचताच उकळत्या पाण्यात टाकायला लावला आणि दार लावून घेतले. मी ओसरीवर बसून राहिलो. घरातही फेट्याशिवाय न वावरणारे तहसीलदार त्या दिवशी उघड्या डोक्याने येरझारा घालत होते.

मूल पायाळू होते. दोघेही वाचले. रडण्याचा आवाज ऐकून तहसीलदारही रडले. बाई हात पुसत बाहेर आल्या तेव्हा ते म्हणाले, "बाई, मागा. काय हवं ते मागा."

"एक दिवस द्या, साहेब."

त्यांना कळले नाही. बाईंनी समजावले, "एकतीस मार्च अन् दोन एप्रिलच्या मंधातला. तेवढा भरून द्या. मंग माही नोकरी सलग होते."

"दिला," तहसीलदार म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकले.

त्यांनी वर लिहिले, हे कबूल केले पाहिजे. तालुक्याच्या गावी दाईविना एक दिवसही काढणे धोक्याचे आहे, असे लिहिले. दिवाळीनंतर हुकूम आला. सरकारला म्हणणे पटले होते. जागा कायम झाली, श्रेणी ठरली, दरसाल एक रुपया वाढ, शेवटी पेन्शन. सगळे तिथे होते. फक्त कायम जागेवरची नेमणूक नवी धरायची होती, आणि नव्या उमेदवाराचे वय तिसाच्या आत हवे होते. बाई बेचाळीस वर्षांच्या होत्या. जुन्या नोकरीमुळे वयात सवलत मिळाली असती, पण जुनी नोकरी सलग नव्हती. बाईंची नोकरीतली वर्षे सरकारला कधी दिसली नाहीत. वयाची मात्र चष्म्याशिवाय दिसली.

बाई तहसीलदारांकडे गेल्या. मी बरोबर होतो. नातू मांडीवर खेळत होता.

"साहेब, तो दिवस?"

"अहो बाई, मागच्या तारखेचा दिवस कसा देता येईल? नियम आहे. पण जागा कायम झाली की नाही? तुमच्यामुळे झाली! अभिनंदन तुमचं."

मी आयुष्यात पुष्कळ निर्ढावलेले लोक पाहिले. पण एखाद्याची भाकरी काढून घेऊन त्याचेच अभिनंदन करायला तहसीलदारच व्हावे लागते. मी काही बोलणार तोच बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "हाव, साहेब," एवढेच त्या म्हणाल्या. नवी मुलगी रुजू झाली, तेव्हा कोणत्या वस्तीवर पाणी उकळायला सरपण आपणच न्यावे लागते, हे तिला नीट सांगून त्या बीबीला निघून गेल्या.

माघात तहसीलदारांच्या नातवाचे जावळ होते. मोठी पंगत होती, अंमलदार होते, मलाही बोलावणे होते. साहेबांनी मोठ्या मनाने बाईंना आणायला आपली बैलांची दमणी पाठवली होती. दमणी रिकामी आली. बरोबर गेलेला चपराशी पंगतीसमोर हात जोडून म्हणाला, "साहेब, बाई म्हनल्या, सरकारनं वय झालं म्हनून सांगतलं हाय. येनं होत नाही."

"खरंच, थकली बिचारी," तहसीलदार पाहुण्यांना म्हणाले आणि बुंदी फिरवायला सांगितली.

मी पानावरून उठलो आणि चपराशाला मागच्या अंगणात गाठले. बाई आजारी आहेत का, विचारले.

"कायच्या आजारी, मास्तर? कोसभरावर कोनाची तरी सून अडली होती, तिकडेच निंगाल्या होत्या. आमची वाट तीच. म्हनलं, दमनीत बसा. बसल्या नाहीत. लुगडं खोचून नांगरल्या वावरातून आडव्या गेल्या. मी बैल हाकून हाकून दमलो, पन त्या काही सापडल्या नाहीत."