गव्हर्नरच्या घरचं पाणी

ओहायोतल्या डब्लिनला तेव्हा बस जात नसे. माझा नागपूरचा रूममेट दर शनिवारी आपल्या खटारा गाडीतून मला एका डच म्हाताऱ्याच्या दारात सोडायचा आणि म्हणायचा, "यार, तू त्याची मुलाखत घेतोस की तो तुझी?"

त्याचं चुकत नव्हतं.

म्हातारा एके काळी मोठा माणूस. तरुणपणी वकिलातींत नोकरी, मग महायुद्धात एका डच वसाहतीचा गव्हर्नर. मायदेश जर्मनांनी घेतलेला, वरून विचारणारं कोणी नाही. त्या काळात त्याने चौकशीशिवाय माणसं छावणीत डांबली. कशावरून, हे त्याच्या तोंडून मिळालं तर माझ्या पीएच.डी.चं शेवटचं प्रकरण उभं राहणार होतं. नाही मिळालं तर विषय बदल, असं प्राध्यापकांनी सांगून टाकलेलं. माझा बाप मार्केट यार्डात पोती उचलायचा. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. अर्ध्यात सोडलेलं घरी काय सांगणार होतो?

पण प्रश्न मी नाही, म्हाताराच विचारायचा. तुला कोणी पाठवलं? भारतीयाला आमच्या वसाहतीशी काय देणंघेणं? बाप काय करतो? मी म्हटलं, हमाल आहे. त्याने शेजारी बसलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं, जणू मी पाठ केलेलं बोललो. "बाबांची सवयच आहे ही," ती मला म्हणाली. टेपरेकॉर्डर तो स्वतः उघडून बघायचा आणि बटणही स्वतःच दाबायचा. मलाही त्याचा भरवसा नव्हताच. वकिलातीतल्या मेजवानीत कोण कुठे बसलं होतं ते त्याला आठवायचं. छावणीचं नाव काढलं की ऐकू येईनासं व्हायचं.

एका शनिवारी ऊन कडक होतं. मुलीने पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले. मी माझा उचलला आणि ओठ न लावता वरून प्यायलो. आमच्या घरी तांब्या एक, माणसं सात. उष्टं करायचं नाही ही आईची शिस्त, ती ओहायोत आलो म्हणून सुटते थोडीच.

म्हाताऱ्याचा हात ग्लासाकडे जाता जाता थांबला.

"पाण्यात काही आहे असं वाटतं तुला?"

"नाही सर. आमच्याकडे असंच पितात."

"'आमच्याकडे असंच.' माझा आचारीही हेच म्हणाला होता."

टेप फिरत होती.

"युद्धात आचाऱ्याने चाखल्याशिवाय मी घास घेत नसे," तो म्हणाला. "हा तुमच्याकडचाच, आजोबा बोटीने मजुरीला आलेले. एक दिवस सूप चाखेना. हात जोडले, पण चमचा तोंडाला लावेना. छावणीत पाठवला."

"सूप तपासलं?"

"ओतून दिलं."

"तो कारण काय सांगत होता?"

"चंद्राचं काहीतरी. चंद्राचा अकरावा दिवस. बहाणे."

"एकादशी होती, सर," मी म्हटलं. "त्याचा उपास असणार. माझ्या आईनेही चाखलं नसतं. तुमची राणी समोर बसली असती तरी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या आचाऱ्याबद्दल काहीतरी बोलेल.

"तो तुझा कोण?" त्याने विचारलं.

"कोणी नाही."

"मग इतक्या खात्रीने कसं सांगतोस?"

"आमच्या गल्लीतलं पोरगंही सांगेल."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. "टेप दे."

"नाही सर. बटण तुम्हीच दाबलंत."

हात तसाच राहिला. मग त्याने आपला भरलेला ग्लास माझ्याकडे सरकवला. "आधी तू."

मी उचलला आणि अर्धा प्यायलो. वरूनच. उरलेला त्याच्यापुढे ठेवला.

त्याने त्या पाण्याकडे पाहिलं, पण ग्लासाला हात लावला नाही. मी टेप काढली, खिशात घातली आणि गाडीची वाट बघायला बाहेर येऊन उभा राहिलो. त्यानंतर त्या घरी मला कोणी बोलावलं नाही. प्रकरण मात्र उभं राहिलं.