ऑल्डकोम डाउनचा वरचा उतार

इंग्लंडच्या दक्षिणेला टेकडीला 'डाउन' म्हणतात. चढून चढून दम लागतो आणि नाव मात्र डाउन! सुप्रभा हरकरेला सुरुवातीला याची फार गंमत वाटायची. नागपूरला भूगोलात एम.एस्सी. केलेली ही बाई नवऱ्याच्या, उदयच्या, नोकरीपाठोपाठ लंडनमधल्या क्रॉयडनला आली आणि आठ वर्षं एका शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढत राहिली. मग एक दिवस तिने गवत ओळखायच्या कोर्सला नाव घातलं.

"गवत? गवतात काय ओळखायचं असतं?" उदय हसला होता.

दोन वर्षांनी तिला एका लहानशा कंपनीत नोकरी लागली, तेव्हा मात्र त्यानेच पेढे वाटले. काम असं, की कुणाला एखाद्या जमिनीवर घरं बांधायची असतील किंवा ती नांगरायची असेल, तर आधी तिथे जाऊन काय काय उगवतं ते पाहायचं आणि रिपोर्ट लिहायचा. त्या रिपोर्टवर तिचं नाव असे. पहिला रिपोर्ट तिने आईला नागपूरला पाठवला होता. आईला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तिने तो शेजारणींना दाखवला.

ऑल्डकोम डाउनचं काम आलं ते नोव्हेंबरात. गवत पाहायचा हा महिनाच नव्हे, पण नव्या मालकाला तिथे द्राक्षमळा लावायचा होता आणि त्याला घाई होती. सकाळी दुसरी एक साइट होती, ट्रेन रद्द झाली, आणि सुप्रभा टेकडीच्या पायथ्याशी पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. चारला अंधार. वर धुकं असं दाट, की उताराचा वरचा अर्धा भाग जणू नव्हताच.

ती अर्ध्यापर्यंत चढली. तिथे पायाखाली काहीतरी आलं आणि ती गुडघ्यावर पडली. हाताने चाचपलं तर गवताने झाकलेला मऊ उंचवटा. शेजारी दुसरा, तिसरा. पिवळ्या मुंग्यांची वारुळं होती ती. एकेक वारूळ वाढायला कित्येक वर्षं लागतात, आणि नांगराच्या एका फेरीत ते सपाट होतं. म्हणजे या जागेला नांगर लागलेला नव्हता. कदाचित कधीच. कोर्समध्ये हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि हेही, की असं जुनं कुरण दिसलं तर उन्हाळ्यात पुन्हा येऊन नीट पाहायचं.

तिला हे त्या क्षणी कळलं. पुढे कित्येकदा तिने स्वतःला विचारून पाहिलं, की आपल्याला खरंच कळलं होतं का? दर वेळी उत्तर एकच आलं. कळलं होतं.

साडेपाचला साराच्या शाळेत कॉन्सर्ट होती. बारा वर्षांची सारा पहिल्यांदाच एकटीने व्हायोलिन वाजवणार होती. सुप्रभाने घड्याळ पाहिलं, वरच्या धुक्याकडे पाहिलं आणि ती खाली वळली.

शुक्रवारी तिने रिपोर्ट दिला. वरच्या भागासाठी विमानातून काढलेला फोटो पाहिला. त्यात सगळं हिरवंच दिसत होतं. तिने लिहिलं, 'संपूर्ण क्षेत्र पायी पाहिले. सामान्य गवत. जमीन उंचसखल. पुन्हा पाहणीची गरज नाही.' वारुळांची 'उंचसखल जमीन' झाली. मॅनेजरने शेवटचं पान पाहून रिपोर्ट पुढे पाठवला.

एप्रिलमध्ये ऑल्डकोम डाउन नांगरला गेला. ही बातमी तिला जूनमध्ये लागली, ती ऑफिसच्या पत्त्यावर आलेल्या हाताने लिहिलेल्या पत्रातून.

'प्रिय मिसेस हरकरे, रिपोर्टवर तुमचं नाव वाचलं. तुम्ही येणार असं मला कळवलं होतं, म्हणून मी त्या दिवशी वरच्या फाटकाशी चार वाजेपर्यंत थांबलो होतो. सोबत चहा होता. धुक्यामुळे आपली चुकामूक झाली असावी. उताराचा वरचा तुकडा अजून नांगरायचा राहिलाय. तो फुलावर असताना तुम्ही पाहावा असं वाटतं. लेन टाइसहर्स्ट, पूर्वीचा मेंढपाळ, वय चौऱ्याऐंशी.'

पत्रात एकही वाकडा शब्द नव्हता. सुप्रभाने ते पर्समध्ये ठेवलं आणि चार दिवस तशीच फिरली. पाचव्या दिवशी आजारपणाची रजा टाकून ती गेली. खोटं बोलण्यात आपण आता सराईत होत चाललोय, असं ट्रेनमध्ये तिच्या मनात आलं.

म्हातारा फाटकाशी उभाच होता. उंच, वाकलेला, हातात काठी. खाली उतारभर नांगरलेली जमीन पांढरीफटक पडली होती आणि तिच्यावर लाकडी खांबांच्या रांगा. जणू टेकडीची कातडी सोलून काढली होती.

"माती वीतभरही नाही," तो म्हणाला. "खाली नुसता खडू. ही सगळी टेकडी कधीकाळी समुद्राच्या तळाशी होती. अशा भुकेल्या जमिनीत कुणी एक झाड माजत नाही, म्हणून सगळ्यांना जागा मिळते. हे पाहा."

वरच्या तुकड्यावर तो हळूच खाली बसला. सुप्रभाही बसली. रानातला ओवा, पिवळी चवळीसारखी फुलं, तळहाताएवढ्या जागेत गुलाबी ऑर्किडचे तीन तुरे, आणि त्यांवर निळी फुलपाखरं. तिने सवयीने एक मीटरचा चौकोन धरला आणि मोजायला लागली. अडतीस जाती.

लेन सांगत राहिला. ही कुरणं देवाने नव्हे, मेंढ्यांनी केली. हजारो वर्षं दिवसा चरून, पालवी वाढू न देता. त्याचा आजा इथे मेंढ्या राखायचा, मग बाप. युद्धात सरकारने गव्हासाठी टेकड्या नांगरायचा हुकूम काढला, तेव्हा आजूबाजूचे सगळे डाउन गेले. "हा राहिला. ट्रॅक्टर उलटेल इतका चढ म्हणून. बाप म्हणायचा, हिटलरला जमलं नाही." त्याने काठीने खालचा उतार दाखवला. "आता ट्रॅक्टर चांगले निघालेत."

सुप्रभाने मान वर केली नाही.

"मि. टाइसहर्स्ट, त्या दिवशी चुकामूक झाली नव्हती," ती म्हणाली. "मी वर आलेच नव्हते. अर्ध्यातून परत गेले. आणि सगळं पाहिलं म्हणून लिहिलं."

म्हाताऱ्याने खाली खांबांकडे पाहिलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "धुक्यात आवाज लांबवर येतो. तुम्ही पडलात ते मी ऐकलं. हाकही मारणार होतो. मग फाटक वाजलं, तुमचं खालचं."

"मग पत्रात तसं का नाही लिहिलंत?"

"तुम्ही स्वतः सांगाल की नाही, ते पाहायचं होतं."

"मला माफ कराल?"

"ते मला नाही जमायचं," तो शांतपणे म्हणाला, जणू कुणी चहाला बोलावलं आणि याला वेळ नव्हता. "पण हा तुकडा अजून आहे. त्याचं काय करता येईल ते बघा."

घरी आल्यावर तिने उदयला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, परमिशन कौन्सिलने दिली, नांगर मालकाने चालवला. तू एकटी कशाला ओढवून घेतेस? तुझं लायसन्स जाईल, नाव जाईल." जिन्यावर बसलेली सारा ऐकत होती. इंग्लंडातच वाढलेल्या तिने आपल्या मोडक्या मराठीत विचारलं,

"आई, तू खोटा लिहिली?"

"हो."

"माझी कॉन्सर्ट होता म्हणून?"

सुप्रभाला वाटलं, टेकडीवर बसला तो घाव काहीच नव्हे, खरा घाव हा. "नाही गं राणी," ती म्हणाली. "तुझ्यामुळे नाही. मला कंटाळा आला होता आणि मला वाटलं, कुणाला कळणार आहे? तुझ्या कॉन्सर्टची मला नुसती सबब मिळाली."

साराने थोडा विचार केला. "मग तू त्यांना सांगायला पाहिजे," ती म्हणाली आणि वर निघून गेली. त्या वर्षी तिने व्हायोलिन सोडलं. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि सुप्रभाला विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रभाने कौन्सिलला आणि कंपनीला एकच पत्र लिहिलं. माझा रिपोर्ट खोटा आहे, मी वरचा उतार पाहिला नव्हता, खालच्या उतारावरची वारुळं पाहून लपवली, माझं नाव मागे घेते. पंधरा दिवसांत नोकरी गेली. व्यवसायाच्या संस्थेने चौकशी करून तिला यादीतून काढलं. कंपनीतल्या मैत्रिणीने फोन उचलणं बंद केलं. सुप्रभामुळे त्या मैत्रिणीचेही जुने रिपोर्ट आता कुणीतरी उकरून पाहत होतं. वरच्या तुकड्यावरचं काम मात्र थांबलं, पुन्हा पाहणी झाली, आणि तेवढा एक तृतीयांश उतार वाचला. बाकीचा गेला तो गेलाच. तसं गवत परत यायला शंभर वर्षंही पुरत नाहीत, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

लेन दोन हिवाळ्यांनी वारला. त्याच्या अंत्यविधीला ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली आणि कुणी ओळख विचारायच्या आत उठून आली.

आता ती क्रॉयडनच्याच एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. ऑक्टोबर ते मार्च दर शनिवारी ऑल्डकोमला जाते. तिथे एक स्वयंसेवी गट काटेरी झुडपं तोडतो, कारण मेंढ्या नाहीत तिथे झुडपं गवत गिळतात. गटातल्या लोकांना ती कोण हे ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं. एक बाई उठून निघून गेली होती, बाकीच्यांनी तिच्या हातात कात्री दिली.

गेल्या दिवाळीत स्टॅनमोरला देवयानीकडे फराळ होता. कुणीतरी इंग्लिश वाइनची बाटली आणली होती. लेबलवर टेकडीचं सुंदर चित्र, खाली नाव: ऑल्डकोम. सगळे कौतुक करत होते. सुप्रभा स्वयंपाकघरात गेली आणि सिंकशी उभी राहिली. देवयानी मागोमाग आली.

"काय झालं गं?"

सुप्रभाने सगळं सांगितलं. देवयानी पंधरा वर्षांची मैत्रीण, पण तिला यातलं काही माहीत नव्हतं.

"सहा वर्षं झाली, सुप्रभा. सोड ना आता."

"सहा वर्षं झाली," सुप्रभा म्हणाली. "सोडायचा प्रयत्नही करून पाहिला."

देवयानीने पुढे काही समजावलं नाही. तिने दार ओढून घेतलं आणि चहा टाकला, आणि बाहेर लोक हसत असताना दोघी तिथेच उभ्याने चहा प्यायल्या.