दाजींच्या जागी माझं नाव

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दापोऱ्याच्या मळ्यात केळीचे घड ट्रकवर चढवत होतो. कारखान्यातली पाळी संपवून घरी येताना त्यांच्या छातीत कळ आली आणि संपलं... प्रकाशदाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुनंदाचे यजमान. कागद कारखान्यात कामाला. माणूस मिश्कील, पण कुणाचं मन दुखवणं त्यांना जमायचंच नाही.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सुनंदाची गौरी आमच्या शाहपुरात झाली तेव्हा दाजी ड्युटीवर, दवाखान्यातली धावपळ माझी. सोबत आलेल्याचं नाव मागत असतील, असं समजून मी फॉर्मवर माझं नाव लिहून सही ठोकली. जन्मदाखला आला तर वडिलांच्या जागी मी. सगळे पोट धरून हसले. मी दुरुस्तीचा विषय काढला की दाजी म्हणायचे, "राहू द्या हो भाऊ, कागदच आहे तो. आम्ही रोज टनांनी बनवतो." मलाही ते सोयीचं होतं. पुढे शाळेतही तेच नाव चढलं.

नदीवर राजघाटाला दहावा झाला आणि आम्ही पेन्शनच्या कचेरीत गेलो. सुनंदाचं काम मार्गी लागलं, मुलगी म्हणून गौरीचं नाव लावायचं अडलं. बाबूनं दाखला वाचला, माझ्याकडे पाहिलं. "बच्ची के बाप तो आप हो. फिर मरा कौन?" रांगेत कुणीतरी हसलं. सख्ख्या बहिणीसमोर... धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाहेर आल्यावर गौरीनं विचारलं, "मामा, मग पप्पा माझे कोण होते?" नऊ वर्षांची पोर.

दाजींच्या हातचा काही पुरावा आणा, असं बाबूनं सांगितलं होतं. मागच्या आठवड्यात कारखान्यातलं त्यांचं कपाट उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत दाखला दुरुस्तीचा अर्ज निघाला, गौरी शाळेत गेली त्या वर्षीचा. गौरी माझी मुलगी आहे, चूक घाईत झाली, यात कुणाचा दोष नाही, असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. खाली त्यांची सही. शेजारी, फॉर्म भरणारा म्हणून, माझ्या सहीची जागा कोरी. दर दिवाळीला ते आमच्या पंगतीला बसायचे, पण मला ओशाळवाणं वाटेल म्हणून तो अर्ज त्यांनी कधी पुढे केला नसावा. मीही कधी विचारलं नाही.

परवा मी त्या जागेवर सही केली. बाबूनं अर्ज ठेवून घेतला, बघू म्हणाला. पण त्याआधी गौरीनं तो अर्ज मागून घेतला, पप्पांच्या अक्षरातलं आपलं नाव दोनदा मोठ्यानं वाचलं, आणि मगच बाबूच्या हातात दिला.